झुंबरबाईशेजारी एक बाजार

शेवगावहून तिसगावकडे येताना मधे आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर छगनशेठ उद्या सकाळीच माझ्या दुकानात येऊन बसेल आणि दुपारपर्यंत हलणार नाही. गाव तसं लहान, पण आठवड्याचा बाजार मोठा. आजूबाजूच्या वीस-बावीस खेड्यांतली माणसं त्या दिवशी इथं येतात. बाजारपेठेच्या तोंडालाच माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पत्रे, पाईप, खिळे, नळाच्या तोट्या असला माल. आणि दुकानाच्या पायरीपासून चार हातांवर झुंबरबाई बसते, लसूण आणि वाळलेली मिरची घेऊन. मी शाळकरी वयात वडिलांबरोबर पहिल्यांदा दुकानात आलो तेव्हाही ती तिथंच बसलेली होती.

आता तिनं पंचाहत्तरी ओलांडली असेल. अंगानं किरकोळ, आवाज मात्र एस.टी. स्टँडपर्यंत जाणारा. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती उत्तर देत नाही, नुसती त्याच्या चपलांकडे बघते. चपला भारी असल्या की माणूस आपोआप गप्प होतो. चपला झिजलेल्या असल्या तर तीच मूठभर मिरची जास्त टाकते आणि वर दरडावते, "न्हे गप, बोलू नको कुनाला."

पण तिची खरी ख्याती वेगळीच होती. सकाळी आठला पोतं अंथरून बसली की बाजार उठेपर्यंत ती जागची हलायची नाही. मांडी मोडायची नाही, पाण्याचा घोट घ्यायची नाही. ऊन असो, वारा असो, बाई ढिम्म. आम्ही दुकानदार तिचं उदाहरण द्यायचो. आमच्या गाद्यांवर पंखे होते, थंड पाण्याचे जार होते, तरी आम्ही तासातासाला उठायचो आणि वर म्हणायचो, बघा झुंबरबाईची चिकाटी! मला माझीच चीड येते ती इथं. इतकी वर्षं मी तिचं कौतुक केलं आणि ती का उठत नाही, हे एकदाही मनात आलं नाही.

आता आमच्या व्यापारी संघाबद्दल सांगतो. मी त्याचा सेक्रेटरी, छगनशेठ अध्यक्ष. त्याचं कापडाचं दुकान पेठेत सगळ्यात मोठं, आणि सभा त्याच्याच माडीवर भरते. संघानं कामं केली नाहीत असं कुणी म्हणू नये. बाजारतळावर दिवे आले ते संघामुळे. पावसात गुडघाभर चिखल व्हायचा, तिथं फरशी आली. शांतवन टेलरच्या दुकानाला आग लागली तेव्हा आम्ही आठ दिवसांत त्याचं दुकान पुन्हा उभं केलं, दोन शिलाई मशिनींसकट. तो आठवा दिवस आठवला की मला आजही आमच्या पेठेचा अभिमान वाटतो.

फक्त आमची एक रीत आहे. कुठलंही काम करायचं झालं की कुणाच्या तरी स्मरणार्थ करायचं. पाणपोई छगनशेठच्या आजोबांच्या स्मरणार्थ, कमान वडिलांच्या, बाकडी चुलत्यांच्या. मजकूर मी लिहून द्यायचा आणि नगरच्या कारागिरानं तो दगडावर कोरायचा. एवढ्या पाट्या लिहिल्यात, की गावातली गेलेली माणसं मला जिवंत माणसांपेक्षा जास्त पाठ आहेत.

चार वर्षांपूर्वी झुंबरबाईनं आपल्या सुनेला, चांगुणाला, शेजारी बसवायला सुरुवात केली. चांगुणा दहावी झालेली, हिशेबी, गोड बोलणारी. तिनं मिरचीबरोबर घरच्या मसाल्याच्या पुड्या ठेवल्या. वर्षभरातच पाथर्डीच्या बायका पुड्यांसाठी मुद्दाम तिच्याकडे यायला लागल्या. नवरा ज्ञानेश्वर शेती बघायचा, बाजार हिचा. तिच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज आलं होतं. एकदा मला म्हणाली, "भाऊ, घरी मला समदे 'ज्ञानेश्वरची बायको' म्हनत्यात. हितं मला माज्या नावानं हाका मारत्यात."

सासूनं तिला धंद्याचं सगळं शिकवलं. त्यात एक गोष्ट अशीही शिकवली, की बाजाराच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बेतानं प्यायचं आणि बाजारात अजिबात नाही. कारण सरळ होतं. बाजारतळाच्या मागं फार पूर्वी बाभळीचं रान होतं, तिथं केव्हाच प्लॉट पडून घरं झालीत. पुरुषांचं काय, त्यांना गावातल्या सगळ्या भिंती आपल्याच वाटतात. बायकांनी जायचं कुठं?

चांगुणाला पहिल्यांदा ताप भरला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. दुसऱ्यांदा ती बाजारातच पोट धरून वाकली. मी, ज्ञानेश्वर आणि झुंबरबाईनं तिला गाडीत घालून नगरला नेलं. (सरकारी पाटीवर अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) सावेडीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की मूत्रपिंडाला सूज आहे, जंतू वर चढलेत. बाजारात दिवसभर लघवी दाबून बसणं आणि पाणी न पिणं बंद झालं नाही, तर मूत्रपिंड कायमचं जाईल. बाजार सोडा किंवा सवय सोडा, असं त्या स्पष्टच म्हणाल्या.

चांगुणा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून भिंतीकडे बघत राहिली. झुंबरबाई शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला म्हणाली, "रंगनाथ, म्या शिकीवलं रे हिला. पानी पिऊ नको म्हनून म्याच सांगितलं. मला झेपलं म्हनून तिलाबी झेपंल वाटलं."

मग पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "तुमची ती सभा कदी हाय?"

सभा दोन दिवसांनी होती. झुंबरबाई कठड्याला धरून छगनशेठच्या माडीवर आली आणि चपला न काढता थेट खुर्चीत बसली. बाजारात जमिनीवर बसून माल विकणारं कुणी आमच्या सभेला कधी आलेलं नव्हतं. छगनशेठ म्हणाला, "मावशी, काय काम काढलं?"

"बाजारात बायांसाठी संडास-मुतारी बांदा. पान्याची सोय असलेली, कडी लागनारी."

वीस माणसं जमिनीकडे बघायला लागली. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू. मग एकेकाला कंठ फुटला. एक म्हणाला, जागा कुठाय? दुसरा म्हणाला, साफ कोण ठेवणार? तिसऱ्यानं खरी गोष्ट बोलून टाकली, "देणगीदार कुठून आणायचा? मुतारीवर बापाचं नाव कोण घालील?" सगळे हसले. त्या वर्षी चौकात घड्याळाचा मनोरा बांधायचं ठरत होतं आणि त्याला तीन देणगीदार आपापल्या वडिलांची नावं घेऊन तयार होते.

झुंबरबाई हसू थांबेपर्यंत थांबली. मग छगनशेठला म्हणाली, "छगन, तुज्या दुकानात बाया साड्या बघाया येत्यात. चार साड्या बघत्यात आन उठून जात्यात. का जात्यात?"

"भाव आवडत नसतील. नाहीतर हल्ली सगळ्या मोबाईलवरून मागवतात," छगनशेठ म्हणाला.

"येडाच हाईस. त्यान्ला घरी पळायचं असतं. पोट फुगलेलं असतं त्यांचं. बाई बाजारात दोन तासांच्या वर ऱ्हात न्हाई, आन तुमी इथं भावाचा इचार करीत बसता."

शांतवन टेलर मागं बसला होता. तो हळूच म्हणाला, "खरंय. माझ्याकडं पण बाया माप द्यायला थांबत नाहीत." पण बाकी कुणी साथ दिली नाही. छगनशेठ मोठ्या मनाचा आहे, पण हट्टीही तेवढाच आहे. त्यानं आमचं नेहमीचं हत्यार काढलं. म्हणाला, "विषयाची नोंद घेतली, मावशी. पुढच्या सभेत बघू. आणि तुम्हीच तर चाळीस वर्षं न उठता बसताय. सवयीचा प्रश्न आहे."

"असं व्हय?" झुंबरबाई म्हणाली. "मंग एक बाजार तू बस माज्याशेजारी. सकाळी आठपासून. उठला न्हाईस तर म्या पुन्यांदा ही पायरी चढनार न्हाई. उठलास तर बांदायचं."

छगनशेठ हसला. "बसतो की! त्यात काय? मधे चहा-पाणी चालेल ना?"

"काय बी पी. फकस्त उठायचं न्हाई."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती इतक्या पटकन कबूल झाली, तेव्हाच छगनशेठनं सावध व्हायला हवं होतं.

बाजाराच्या दिवशी आठच्या ठोक्याला अध्यक्ष महाराज पांढरेशुभ्र कपडे घालून हजर झाले. झुंबरबाईनं त्याला पोतं अंथरून दिलं. चांगुणा घरी होती, तिच्या जागेवर तो बसला. बातमी आधीच पसरलेली होती, त्यामुळे सकाळीच जत्रा भरली.

आता आमच्या पेठेची पद्धत सांगायला हवी. इथं कुणी ओळखीचा दिसला आणि त्याला चहा पाजला नाही, तर तो वर्षभर बोलून दाखवतो. आणि समोर आलेला चहा परत पाठवला, तर पाजणारा दोन वर्षं बोलून दाखवतो. त्यात छगनशेठ अध्यक्ष, आणि पुढच्या महिन्यात संघाची निवडणूक. पहिला चहा हॉटेलवाल्यानं स्वतः आणून दिला. दुसरा किराणावाल्यानं. तिसरा खत-बियाणंवाल्यानं, वर म्हणाला, "त्याचा घेतलात, माझा का नाही?" साडेनऊपर्यंत पाच झाले. ऊन चढलं तसा शांतवन टेलर ताकाचा तांब्या घेऊन आला. ताक देताना त्यानं झुंबरबाईकडे पाहिलं आणि तिनं दुसरीकडे. माझी खात्री आहे की त्या दोघांचं आधी बोलणं झालेलं होतं.

मीही एक चहा पाठवला. सेक्रेटरी म्हणून पाठवायलाच हवा होता.

दहा वाजता छगनशेठनं मांडी बदलली. सव्वादहाला त्यानं गिऱ्हाइकांशी बोलणं बंद केलं. साडेदहाला त्याच्या कपाळावर घाम आला आणि तो समोरच्या लसणाच्या गड्ड्या मोजायला लागला. एक गिऱ्हाईक मिरचीचा भाव विचारत होतं, त्याच्यावर तो उगाच खेकसला. झुंबरबाई शांतपणे म्हणाली, "आसं वरडू नये, छगन. गिऱ्हाइकाचा काय दोस?"

"मावशी, किती वाजले?"

"आजून आरदा दिस बी झाला न्हाई. बाजार उटायला लई येळ हाय."

अकराला दहा मिनिटं कमी असताना आमचा अध्यक्ष उठला. एका हातानं धोतराचा सोगा धरून, गर्दीतून वाट काढत, लसणाच्या दोन पाट्या ओलांडत तो घराकडे धावला. अख्खा बाजार हसत होता. भाजीवाल्या, बांगड्यावाल्या, मडकी विकणाऱ्या बायका अक्षरशः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी दुकानाच्या पायरीवर बसून इतका हसलो की गिऱ्हाइकाला खिळे स्वतःच मोजून घ्यावे लागले.

एकटी झुंबरबाई हसली नाही. तिनं छगनशेठची जागा झटकली, पोतं नीट केलं आणि मला म्हणाली, "त्याचं घर जवळ हाय म्हनून पळाला. जिचं घर धा कोसावर हाय तिनं काय करायचं?" माझं हसू जागच्या जागी थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छगनशेठ माझ्या दुकानात आला. मला वाटलं, चिडलेला असेल. तो बराच वेळ तोट्यांच्या खोक्याशी चाळा करत बसला आणि मग म्हणाला, "रंगनाथ, दुकान व्हायच्या आधी माझी आई बाजारात बसायची. कापडाचं गाठोडं घेऊन. मिरीला, तिसगावला, शेवगावला. मी तिच्या मांडीवर असायचो. गावात मी बापाची, आजाची, चुलत्याची पाटी लावली. आईची एक पाटी नाही रे कुठं. आणि ती दिवसभर कशी बसत असेल, हे मला काल कळलं. साठ वर्षांचा झाल्यावर."  मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघंही असल्या गोष्टींत कच्चे आहोत, त्यामुळे लगेच नळाच्या तोट्यांच्या भावावर आलो.

पुढच्या सभेत घड्याळाचा मनोरा मागं पडला आणि बायकांच्या स्वच्छतागृहाचा ठराव एकमतानं झाला. मग जागेचं घोडं अडलं. काम सगळ्यांना हवं होतं, पण आपल्या दुकानाशेजारी कुणालाच नको. झुंबरबाई याही सभेला आली होती. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सावकाश मान माझ्याकडे वळवली.

"रंगनाथ, तुज्या दुकानाच्या बगलंला पाईप पडल्यात, ती जागा कुनाची?"

जागा माझी होती. गेल्या सभेलाही माझीच होती, आणि मी गप्प बसलो होतो. बाई चाळीस वर्षं माझ्या दारात बसली आणि मी पाईपांना जागा दिली, तिला नाही. मी म्हणालो, "माझीच आहे. घ्या." आयुष्यात एवढं छोटं वाक्य बोलायला मला एवढा जोर कधी लागला नव्हता, आणि बोलल्यावर एवढं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

मग कामानं वेग घेतला. पाईप आणि तोट्या माझ्या दुकानातून गेल्या. सिमेंटवाल्यानं सिमेंट दिलं, रंगवाल्यानं रंग. देखरेख शांतवनची बायको कृपा हिनं अंगावर घेतली. तिच्याकडे किल्ली, आणि बाजाराच्या दिवशी झाडलोट करणारी बाई संघाकडून. आता राहिलं नाव. छगनशेठ आईचं नाव द्यायला तयार होता, पण तो स्वतःच म्हणाला, "पहिला मान मावशीचा. आईच्या नावानं दुसरं बांधू, बैलबाजाराच्या बाजूला."

कुणीतरी म्हणालं, "पण मावशी तर जिवंत आहेत. आपल्याकडे स्मरणार्थ लागतं."

"मेल्यावर नाव लावून मला काय दिसनार हाय?" झुंबरबाई कडाडली. "आत्ता लावा. जित्तेपनी बघू द्या."

मी मजकूर लिहिला आणि नगरला पाठवला. उद्घाटनाच्या दिवशी फेटे आले, नारळ आले, हलगी आली. एवढ्याशा इमारतीसाठी एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. बाहेरगावच्या विक्रेत्या बायका नवी लुगडी नेसून आलेल्या. मान्यवर कुणी बोलावला नव्हता, फीत चांगुणानं कापायची ठरली होती. तिचा ताप जाऊन दोन महिने झाले होते आणि तपासणीत सगळं साफ निघालं होतं. छगनशेठनं पाटीवरचा कपडा ओढला आणि मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली, "कैलासवासी झुंबरबाई..."

हलगी थांबली.  पंधरा वर्षं पाट्या लिहून माझा हात असा बसला होता की कुठल्याही नावाआधी तो 'कै.' आपोआपच काढायचा. तसाच तो याही वेळी निघाला होता, आणि पाटी बसवेपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

झुंबरबाईला वाचता येत नाही. तिनं चांगुणाला विचारलं, "काय म्हनला त्यो?" चांगुणानं घाबरत सांगितलं. झुंबरबाई माझ्याकडे वळली. मी चप्पल चुकवायच्या तयारीत होतो.

"रंगनाथ, म्या मेले आन मला कुनी सांगितलं बी न्हाई?" ती म्हणाली आणि असं खळखळून हसली, की तिच्या हसण्यावर अख्खा बाजार हसला. चांगुणानं हसत हसतच फीत कापली. हलगी पुन्हा सुरू झाली, बायकांनी फुगड्या धरल्या आणि शांतवननं रंगाचा डबा आणून माझ्या 'कै.'वर तिथल्या तिथं फराटा ओढला.

त्यानंतरच्या बाजाराला मी गल्ल्यावर बसलो होतो. आमच्या बाजारात एवढ्या बायका मी पाहिल्या नव्हत्या. छगनशेठच्या दुकानात साड्यांचे ढीग उलगडले जात होते आणि बायका निवांत बसल्या होत्या. चांगुणा पुड्या बांधत होती, शेजारी पाण्याची भरलेली बाटली. दुपारी बाजार ऐन भरात आलेला, झुंबरबाईपुढं चार गिऱ्हाइकं उभी. तेवढ्यात तिनं हातातला तराजू खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली.

"चांगुणे, यांचं तू बघ," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "म्या जाऊन आले."

आणि डोक्यावरचा पदर सारखा करून, मधल्या रस्त्यानं, कुणाच्या बापाला न भिता, झुंबरबाई ऐटीत चालत गेली.